आईचे गुडघे आणि बॉस्टनचे बाक

आईचे गुडघे दुखत नसते तर हा लेख मी लिहिलाच नसता. बॉस्टनमध्ये राहून मला आता बारा वर्षं होतील, ऑफिस कॉप्ली स्क्वेअरला, म्हणजे हवा बरी असली की दुपारचा डबा ट्रिनिटी चर्चसमोरच्या चौकात बसून खायचा, आणि तरी एवढ्या वर्षांत इथल्या एकाही जुन्या चर्चमध्ये जाऊन मी पाच मिनिटं टेकले नव्हते. पाहुणे आले की फ्रीडम ट्रेल, फुटपाथवरची ती लाल विटांची रेघ धरून चालत सुटायचं, दोन फोटो इथे दोन तिथे, शेवटी नॉर्थ एंडमध्ये लाइन लावून कनोली खायची, झालं बॉस्टन.

मागच्या उन्हाळ्यात आई आली. आई नगरची (नगरचं अहिल्यानगर झालंय हे तिला माहितीये, पण तोंडात नगरच), तीस वर्षं शाळेत उभं राहून शिकवल्यामुळे गुडघ्यांची वाट लागलेली, त्यामुळे दर दहा मिनिटांनी "अगं जरा बसायचं का कुठे?" आणि डाउनटाउन बॉस्टनमध्ये कॉफी न घेता, कोणी उठवेल याची भीती न बाळगता बसायची जागा म्हणजे चर्च. असं करत करत आम्ही चार-पाच दिवसांत जवळजवळ सगळी जुनी चर्चेस बसून बसून बघितली. आणि आई बसते ती नुसती बसत नाही, आजूबाजूला कोण बसलंय, कुठे बसलंय, का बसलंय हे सगळं बघत बसते.

पहिलं ओल्ड नॉर्थ. १७२३ सालचं, शहरातली सगळ्यात जुनी उभी असलेली चर्चची इमारत. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री मनोऱ्यात दोन कंदील लावले, इंग्रज फौज निघाल्याची वर्दी द्यायला पॉल रिव्हिअर घोड्यावरून गेला, ती गोष्ट तिथे पाचवीतलं पोरही सांगतं, ती सोडा. आईनं आत पाऊल टाकल्यावर विचारलं ते वेगळंच, "हे बाक आहेत की खोल्या?"

आणि खरंच, बाक म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतो तसा बाक नाहीच. पांढऱ्या रंगाचे लाकडी चौकोन, चांगल्या छातीएवढ्या उंच भिंतींचे, प्रत्येकाला छोटं दार, दाराला नंबर आणि नावाची पितळी पट्टी. आत गेलं की कडेकडेनं बसायला फळ्या, म्हणजे घरातले निम्मे लोक प्रवचन देणाऱ्याकडे पाठ करून बसणार. भिंती एवढ्या उंच का, तर थंडी. चर्चमध्ये शेगडी वगैरे काही नव्हतं, जानेवारीत बॉस्टनमध्ये दोन-दोन तास बसायचं म्हणजे गंमत नाही, मग लोक घरून निखारे भरलेली पत्र्याची पेटी आणायचे पायाखाली ठेवायला, आणि दार लावून घेतलं की ती ऊब जरा आतच राहायची. मला हे फार आवडलं, एकदम गोधडीत शिरल्यासारखं. आईचं लक्ष मात्र पितळी पट्टीवर.

"नावं कोणाची? देणगीदारांची?"

म्हटलं नाही, मालकांची. बाक विकत घ्यायचा, वर त्याचा मेंटेनन्सही द्यायचा. जागा जितकी मोक्याची तितका भाव जास्त. आत गादी कसली घालायची, कापड कुठलं लावायचं ते ज्याचं त्यानं बघायचं.

"म्हणजे ओनरशिप फ्लॅट," आई म्हणाली, आणि दार लावून आत मस्त पाय लांब करून बसली.

त्या ओल्ड नॉर्थमध्येच 'बे प्यू' म्हणून एक खास बाक होता, होंडुरासच्या उपसागरातून रंगासाठीचं लाकूड आणणाऱ्या व्यापाऱ्यांना मान म्हणून दिलेला. त्यांनी मनोऱ्यासाठी लाकडाच्या रूपात देणगी दिली होती, आणि ते लाकूड तिकडच्या जंगलात तोडायचं काम गुलामांचं. वर ऑर्गनजवळ चार देवदूतांच्या लाकडी मूर्ती आहेत, गोबऱ्या गालांच्या, एवढ्या गोड की बघतच राहावं. त्या १७४० च्या दशकात ग्रुची नावाच्या एका कप्तानानं फ्रेंच जहाज लुटून आणल्या आणि चर्चला वाहिल्या. त्याचा स्वतःचाही खाली बाक होता. लुटीतले देवदूत! आईला हे ऐकून अजिबात आश्चर्य वाटलं नाही, "देवाला काय, कोणीही काहीही वाहतं."

मग तिनं वर बघितलं. तिन्ही बाजूंनी गॅलरी. "आणि वर कोण?" वर ज्यांना बाक परवडत नाही ते, आणि काळे लोक, गुलाम असोत की स्वतंत्र. आई त्यावर काही बोलली नाही. थोड्या वेळानं गुडघा चोळत म्हणाली, "आमच्याकडे देवळाच्या बाहेर, इथे माडीवर."

किंग्ज चॅपल मी भराभर उरकते, जरी इमारत सुंदर असली तरी. १६८६ मध्ये राजाच्या माणसांना बॉस्टनमध्ये अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडचं सरकारी पंथाचं चर्च हवं होतं, आणि इथले प्युरिटन लोक तर त्याच चर्चला कंटाळून समुद्र ओलांडून आलेले, त्यामुळे जमीन विकायला कोणी तयार होईना, तेव्हा गव्हर्नरनं सरळ दफनभूमीचा तुकडा घेऊन टाकला. आताची दगडी इमारत १७५४ ची, आणि ती जुन्या लाकडी चर्चच्या भोवतीनं बांधली, म्हणजे आत उपासना चालू, बाहेर दगडाच्या भिंती चढतायत, आणि नवं पुरं झाल्यावर जुनं आतल्या आत मोडून खिडक्यांतून बाहेर काढलं. आपल्याकडे भाडेकरू न हलवता वाड्याचं रीडेव्हलपमेंट करावं तसं. मनोऱ्यावर कळस चढायचा होता तो पैसे संपले म्हणून कधी चढलाच नाही. तिथे गव्हर्नरचा बाक वेगळा, वर छत असलेला, त्यात १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन बसले होते. मधल्या काळात राजाशी निष्ठा असलेली घराणी १७७६ मध्ये इंग्रजी फौजेबरोबर गलबतांत बसून हॅलिफॅक्सला पळाली होती, बाक इथेच सोडून. मागे उरलेल्यांनी दहा वर्षांच्या आत प्रार्थनेच्या पुस्तकातून ट्रिनिटी, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे त्रिकूटच काढून टाकलं आणि युनिटेरियन झाले. गेले कोण, राहिले कोण, यावर देवाचा हिशोब बदलला.

ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये मात्र आम्ही दीड तास होतो. १७२९ ची विटांची इमारत, तेव्हा गावातली सगळ्यात मोठी जागा, म्हणून १६ डिसेंबर १७७३ ला चहाच्या करावरून चिडलेले पाच हजार लोक इथे जमले आणि इथूनच पुढे बंदरावर जाऊन चहाच्या पेट्या पाण्यात टाकल्या. इंग्रजांनी हे बरोबर लक्षात ठेवलं. १७७५ मध्ये शहराला वेढा पडला तेव्हा त्यांनी हे चर्च घोडेस्वारांना दिलं. बाक उपटले, थंडीत जाळायला वापरले, जमिनीवर माती पसरली आणि आत घोडे फिरवले. एका श्रीमंत डीकनचा कोरीव, रेशमी अस्तराचा बाक होता, तो म्हणे डुकरांच्या खुराड्यासाठी नेला. आता आत जे बाक दिसतात ते अर्थात नंतरचे. आई त्यातल्या एकावर बसून म्हणाली, "बरोबर बाकच जाळले बघ." मला वाटतं तिला म्हणायचं होतं की इंग्रजांना गावाचं मर्म कळलं होतं. किंवा तिला म्हणायचं असेल की लाकूड तेवढंच हाताशी होतं. आईचं सांगता येत नाही.

याच मंडळीत, म्हणजे या चर्चच्या सभासदांत, १७७१ मध्ये फिलिस व्हीटली दाखल झाली होती, आफ्रिकेतून सात-आठ वर्षांची असताना पकडून आणलेली, इथे विकलेली आणि तरी इंग्रजीत कविता लिहून १७७३ मध्ये लंडनला पुस्तक छापलं गेलेली. पुढं १८७२ च्या मोठ्या आगीतून इमारत कशीबशी वाचली, पण मंडळी कॉप्ली स्क्वेअरला नव्या चर्चमध्ये राहायला गेली आणि ही जुनी जागा १८७६ मध्ये चक्क मोडीत निघाली, लिलाव होऊन पाडायला माणसं येणार इथपर्यंत. तेव्हा बॉस्टनच्या बायकांनी ती वाचवली, आणि त्यातल्या मेरी हेमेनवे या बाईंनी एकटीनं एक लाख डॉलर दिले. हे नाव लक्षात ठेवा, परत येणारे.

दुसऱ्या दिवशी बीकन हिल. हा चढ मी आईला करायला लावला याबद्दल माझे भाऊ अजून मला बोलतात. पण पलीकडच्या उतारावर, जॉय स्ट्रीटच्या एका बोळात आफ्रिकन मीटिंग हाउस आहे, ते मला दाखवायचंच होतं. गोऱ्यांच्या चर्चमध्ये गॅलरीत बसून बसून कंटाळलेल्या काळ्या लोकांनी १८०५ मध्ये आपली मंडळी काढली, थॉमस पॉल त्यांचे पाळक, आणि १८०६ मध्ये ही इमारत बांधली, कारागीर बरेचसे काळेच. अमेरिकेत काळ्या मंडळीनं बांधलेल्या चर्चच्या ज्या इमारती आज उभ्या आहेत त्यांतली ही सगळ्यात जुनी. साधी, विटांची, चार कमानींची. आणि आता ऐका. डिसेंबर १८०६ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा खालचे बाक राखून ठेवले होते आफ्रिकनांबद्दल सद्भावना असलेल्या पाहुण्यांसाठी, म्हणजे गोऱ्यांसाठी, आणि ज्यांचं चर्च ते लोक त्या दिवशी वर, गॅलरीत.

हे मी आईला तिथेच, बाकावर बसल्यावर सांगितलं. तिला पटेना. "स्वतःच्या घरात?" म्हटलं हो. "अगं पण मुलीच्या लग्नात आपणही व्याह्यांना आधी बसवतो, आपली पंगत शेवटी, तसं असेल." मग स्वतःच मान हलवली, "नाही, तसं नसेल." आम्ही दोघी वर जाऊन बसलो, म्हणजे गुडघ्यांसकट जिना चढून. गॅलरी वळणदार आहे, तिथून खालचं सगळं स्वच्छ दिसतं.

इथेच ६ जानेवारी १८३२ च्या रात्री, बाहेर भयंकर हवा असताना, विल्यम लॉइड गॅरिसननं गुलामगिरीविरोधी संस्था काढली. पुढं शतकाच्या शेवटी काळी वस्ती इथून हलली, इमारत ज्यू लोकांनी घेतली आणि जवळजवळ सत्तर वर्षं तिथे सिनेगॉग होतं, मग १९७२ मध्ये म्युझियमनं विकत घेतली. एकाच भिंतींनी किती देव ऐकले असतील.

टेकडीच्या खालच्या बाजूला चार्ल्स स्ट्रीटवर १८०७ चं मीटिंग हाउस आहे, आता त्यात ऑफिसं-दुकानं आहेत. तिथे १८३० च्या दशकात टिमथी गिल्बर्ट नावाच्या, पियानो बनवणाऱ्या एका सभासदानं आपल्या स्वतःच्या, पैसे भरलेल्या बाकावर काळ्या मित्रांना बसवलं. बस, एवढंच केलं. त्याला काढून टाकलं. मग त्यानं आणि काही जणांनी मिळून वेगळी मंडळी काढली, जिथे कोणीही कुठेही बसू शकेल आणि बाकाला भाडं नाही, तीच पुढं ट्रिमॉन्ट टेंपल झाली. मला हा माणूस जाम आवडला. त्याच्या डोक्यात लख्ख होतं की बाक माझा आहे ना, मग माझ्या बाकावर कोण बसेल ते मी ठरवणार. मालकी हक्काचा एवढा छान वापर मी तरी दुसरा ऐकला नाही.

आता पार्क स्ट्रीट चर्च. १८०९ मध्ये मंडळी निघाली, बॉस्टन कॉमन या मोठ्या बागेच्या कोपऱ्यावरचा तो पांढरा, उंच, निमुळता मनोरा, २१७ फूट, सबवेतून वर आलं की पहिलं तेच दिसतं. गॅरिसनचं गुलामगिरीविरोधातलं पहिलं मोठं भाषण ४ जुलै १८२९ ला इथलंच. आई बाहेर शेजारच्या दफनभूमीच्या कठड्याला टेकून उभी होती आणि मी तिला सहज म्हणून सांगितलं की तुझ्या नगरचं मिशन, अमेरिकन मराठी मिशन, ते ज्या बोर्डानं चालवलं त्याचा कारभार इथून, बॉस्टनमधून चालायचा, आणि ही असली चर्चेस त्याला पैसा आणि माणसं पुरवायची. आई एकदम सरळ उभी राहिली. ती मिशनच्याच शाळेत शिकलेली.

मग गोष्ट सांगावीच लागली. इथून पंधरा-सोळा मैलांवर सेलम आहे, तिथल्या टॅबरनॅकल चर्चमध्ये ६ फेब्रुवारी १८१२ ला पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली, कडाक्याच्या थंडीत, आणि त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला हे नको होते, परत पाठवायचे हुकूम निघाले, ते चिकाटीनं राहिले. हॉल मराठी शिकला, रस्त्यात, देवळांपाशी उभा राहून बोलायचा, आणि १८२६ मध्ये नाशिकहून परत येताना वाटेत पटकीनं गेला. त्याच वर्षी मिशनचा मराठी नवा करार छापून झाला. सेलमला दीक्षेच्या वेळी ते पाच जण ज्या लाकडी बाकावर बसले होते तो बाक नंतर आठवण म्हणून जपून ठेवला गेला. "परत बाकच," आई म्हणाली.

त्याच बोर्डानं १८२७ मध्ये सिंथिया फरार नावाच्या एका अविवाहित शिक्षिकेला मुंबईला पाठवलं, ती पुढं नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. जोतिबांनी तिच्या शाळा बघितल्या, सावित्रीबाईंनी तिच्याकडे शिक्षणाचे धडे घेतले, हे आपल्याकडे शाळेत शिकवतात, पण फरारबाई आल्या कुठून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आईला वर्गातलं एक आठवलं. तिच्या वर्गात ख्रिस्ती मुली बऱ्याच, आणि नाताळला त्या घेऊन जायच्या तेव्हा चर्चमध्ये सतरंजी घातलेली असायची, बायका एकीकडे पुरुष एकीकडे, आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं टाळ-पेटीवर. "बाक नव्हता," ती म्हणाली, "पण कोण पुढे बसतं ते ठरलेलं असायचं."

मेरी हेमेनवेचं नाव आता. १८८६ मध्ये पंडिता रमाबाई अमेरिकेत आल्या, फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशांना डॉक्टरकी मिळाली त्या समारंभासाठी, आणि मग जवळजवळ तीन वर्षं देशभर हिंडून विधवांच्या शाळेसाठी पैसे जमवत राहिल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, दहा वर्षं मदत करायचं कबूल करून. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, युनिटेरियन पाळक. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स, ट्रिनिटी चर्चचे, एपिस्कोपल. जॉर्ज गॉर्डन, नव्या ओल्ड साउथचे, काँग्रिगेशनल. आणि मेरी हेमेनवे. यातला हेल पब्लिक गार्डनच्या कडेला पुतळा होऊन काठी-टोपी घेऊन उभा आहे, त्याच्यासमोरून मी बारा वर्षं बस पकडायला पळतेय. ब्रुक्सचा पुतळा मी डबा खाते त्या चर्चला लागून. गॉर्डनचं चर्च चौकाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर. म्हणजे माझ्या ऑफिसच्या खिडकीतून रमाबाईंच्या कमिटीचं निम्मं मंडळ दिसतं, आणि मला पत्ता नाही.

हे लोक एरवी एका बाकावर बसणारे नव्हेत. हेलच्या लेखी देव एक, ब्रुक्सच्या लेखी तिघांत एक, गॉर्डनच्या पंथाच्या वाडवडिलांना बिशपच नको म्हणून तर हे गाव वसलं. आणि रमाबाई? इंग्लंडमध्ये १८८३ ला बाप्तिस्मा घेतला तोही अँग्लिकन पद्धतीनं, मग तिथल्या सिस्टरबाईंशी पत्रांतून कडाकडा वाद, आणि ख्रिस्ती देशांतले हे इतके पंथ बघून आपण चक्रावलो असं त्यांनी पुढं स्वतःच लिहिलंय. त्यांची अट अशी की शाळेत कोणावर धर्माची सक्ती नाही. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं, पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, आणि तिथे मुलींना आपापल्या रीतीभाती, जेवणाचं सोवळंसुद्धा पाळायची मोकळीक होती. बॉस्टनच्या चर्चवाल्यांच्या पैशावर ब्राह्मण विधवांचं सोवळं! मला हसू आलं, आई मात्र गंभीर, "मग काय, नाहीतर पोरी आल्याच नसत्या." तरी १८९३ मध्ये पुण्यात धर्मांतराच्या संशयावरून ओरड झालीच, सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली घरी नेल्या.

ट्रिनिटी चर्चबद्दल एकच सांगते, कारण मुंबईकरांना ते लगेच कळेल. हा सगळा भाग बॅक बे, म्हणजे नावापासून आपल्यासारखाच, खाडीत भर घालून केलेला. १८७७ मध्ये पूर्ण झालेली ती अवाढव्य दगडी इमारत, रिचर्डसन नावाच्या आर्किटेक्टची, साडेचार हजार लाकडी खुंटांवर उभी आहे, आणि ते खुंट कायम पाण्याखालीच राहायला हवेत, जमिनीतलं पाणी उतरलं की कुजायला लागतात. म्हणजे एवढं मोठं चर्च ओलाव्यावर टिकून. ७० च्या दशकात शेजारी हॅनकॉकचा काचेचा टॉवर आला, त्याच्या खोदकामानं चर्चला तडे गेले, आता त्याच काचेत चर्चचं प्रतिबिंब पडतं आणि टुरिस्ट चर्चपेक्षा प्रतिबिंबाचेच फोटो काढतात.

आईच्या परतीच्या आधीच्या रविवारी तिनं स्वतःच म्हटलं, एकदा ते चालू असताना बघू या. गॉर्डनच्या, म्हणजे ओल्ड साउथमध्ये गेलो. दारात एका आजोबांनी हातात कागद देऊन कुठेही बसा म्हणाले. पट्ट्या नाहीत, दारं नाहीत. आईनं कीर्तनाला बसते तशी मागची, कडेची जागा धरली, म्हणजे पाय लांब करता येतात. ऑर्गन सुरू झाल्यावर एक म्हाताऱ्या बाई वॉकर ढकलत उशिरानं आल्या, आमच्या बाकापाशी थांबल्या, आमच्याकडे बघून हसल्या आणि उभ्याच राहिल्या. आई पटकन आत सरकली. मीही सरकले. बाई आईच्या जागेवर, एकदम कडेला बसल्या, वॉकर नेहमीसारखा खांबाला टेकवला, खांबावर त्या जागी रंग उडालेला होता.

"तिची जागा होती," आई कुजबुजली.

"इथे जागा नसतात आता कोणाच्या. नाव कुठे लिहिलंय?"

"नाव कशाला लिहावं लागतं? आपल्या विठ्ठल मंदिरात माई ज्या खांबापाशी बसायच्या, तिथे त्या गेल्यावरसुद्धा वर्षभर कोणी बसलं होतं का?"

पुढच्या गाण्याला सगळे उभे राहिले. आई आणि त्या बाई दोघीच बसून होत्या.